सतरा नंबरची कुंडी

"मॅडम, सतरा नंबर खाली येईना!"

मी काचघराच्या आतूनच ओरडलो. वाघचौरे मॅडम दोन दारांच्या मधल्या जागेत चपला बदलत होत्या. एक चप्पल हातात तशीच धरून त्या आत आल्या.

"खाली येईना म्हणजे?"

"म्हंजी वजन उतरंना. बाकीच्या कुंड्या पाच किलोच्या आसपास आल्यात. ही अजून साडेपाचाच्या वरच बसलीया. काल पाच हजार सहाशे दहा, आज पाच हजार पाचशे नव्वद. वीस ग्रॅम फक्त."

"काटा तपासलास?"

"दोनदा. माझ्यावर इस्वास ठेवू नका, पण काट्यावर ठेवा."

मॅडम दाराजवळच्या मांडणीपाशी वाकल्या. सतरा नंबरच्या टोमॅटोची पानं जरा लोंबली होती, एवढंच. शेजारच्या सोळा आणि अठरा नंबरांचं पार चिपाड झालं होतं. मॅडमनी एक पान दोन बोटांत धरलं, उलटं करून बघितलं आणि हसल्या. तीन महिन्यांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं.

"बिरा, हे टिकलं ना, तर आपण टिकलो."

कोपऱ्यात ठकूमावशी मांडण्या पुसत होती. तिचा फडका थांबला. तिनं सतरा नंबरकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं, बाईला आनंद झालाय.

अकरा वाजले होते. मावशीनं दाराशी ठेवलेला तांब्या उचलून पेला भरला, मला दिला. आत पाणी प्यायचं नाही अशी पाटी होती, पण त्या काचेच्या भट्टीत ज्यानं पाटी लावली त्यानं एक तास उभं राहून दाखवावं. मी प्यालो, पेला रिकामा करून तांब्यावर पालथा घातला आणि पुढची कुंडी काट्यावर ठेवली.

ही अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या कृषी विद्यापीठात मी रोजंदारीवर लागलो होतो. वय एकतीस. त्याआधी चार वर्षं खडी मशीनवर दगड घातले. शाळा सातवीपर्यंत; पुढचं सगळं पुड्यांचे कागद, जुनी वर्तमानपत्रं आणि रखवालदाराच्या खोलीतला एक फाटका शब्दकोश यांच्यावर. लिहिता-वाचता येतं आणि आकडा चुकत नाही म्हणून मला काचघरात घेतलं. तोंड फाटकं होतं, ते कुणी विचारलं नाही. नंतर सगळ्यांना कळलंच.

काचघरात अठ्ठेचाळीस कुंड्या होत्या. चोवीस टोमॅटो साधे. चोवीस टोमॅटोंमध्ये हुलग्याचा, म्हणजे कुळथाचा, एक जीन घातलेला. कुंड्या सरमिसळ मांडलेल्या, वर फक्त नंबर. कुठला साधा आणि कुठला हुलग्याचा, ती यादी मॅडमच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या तन्मयकडं, बंद पाकिटात. वजन घेणाऱ्याला ते माहीत असता कामा नये, नाहीतर त्याचा डोळा आपल्या माणसाकडं झुकतो, असं मॅडम म्हणायच्या. एका सोमवारी सगळ्या कुंड्या भिजवून घेतल्या आणि पाणी बंद केलं. साफ बंद. रोज सकाळी मी प्रत्येक कुंडीचं वजन घ्यायचं. वजन जेवढं उतरलं तेवढं पाणी गेलं. चौदाव्या दिवशी समिती येणार, त्यांच्यासमोर पुन्हा पाणी सोडणार आणि कुठलं झाड उठतं, कुठलं नाही, ते बघणार.

ही तिसरी खेप होती. पहिल्या खेपेला वीज जाऊन पंखे बंद पडले आणि सगळी झाडं शिजली. दुसऱ्या खेपेला पिठ्या ढेकूण पडला. आता समितीनं सांगितलं होतं, या वेळी दाखवा, नाहीतर काम बंद. काम बंद म्हणजे मॅडमची तीन वर्षं मातीत आणि मी परत खडी मशीनवर.

हुलग्याचं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी मॅडमशी भांडलोच. मी माणदेशातला. आमच्या काळेलवस्तीवर दुसरं काय पिकतं? हुलग्याचं माडगं खाऊन आम्ही वाढलो. तालुक्याच्या वसतिगृहात मला पोरं 'हुलग्या' म्हणायची, घोड्याचं खाणं खातो म्हणायची. मी मॅडमना तोंडावर म्हणालो, "आमी खाल्लं तवा ते घोड्याचं खाणं. तुमी कुंडीत घातलं तवा त्याचा जीन झाला व्हय?"

मॅडम चिडल्या नाहीत. शीतकपाटातून एक पाकीट काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. त्यावर लिहिलं होतं, 'माण–७'.

"तुमच्याकडचंच आहे हे. अकरा गावांतून बी आणलं, त्यात हे सगळ्यात चिवट निघालं. पाणी कमी झालं की हुलगा पानांची बारीक तोंडं लगेच मिटून घेतो, आतलं पाणी जपतो. टोमॅटोला ते उशिरा सुचतं. सुचेपर्यंत मेलेला असतो. हुलग्याची ती अक्कल थोडी याला देता येते का, एवढंच बघतेय."

"आमची आई असंच करायची. दुष्काळात तोंड मिटून बसायची."

"मग तुला माझं काम कळलं," मॅडम म्हणाल्या.

तर सतरा नंबर. मॅडमचा पाय त्या दिवशी जमिनीला लागत नव्हता. त्यांच्या हातून कधी न होणारी गोष्ट त्यांनी केली. दुपारी तन्मयला बोलावून म्हणाल्या, "यादी मला दाखवू नकोस. फक्त सतरा सांग."

तन्मयनं पाकीट फोडलं, बोट खाली खाली नेलं आणि तिथंच ठेवलं.

"मॅडम, सतरा साधं आहे."

"नीट बघ."

"साधं आहे मॅडम."

मला आधी काही उमजलं नाही. तन्मयनं दबक्या आवाजात सांगितलं तेव्हा उमजलं. साधं झाड नऊ दिवस बिनपाण्याचं असं राहूच शकत नाही. एकतर रोपं लावतानाच अदलाबदल झाली, म्हणजे अठ्ठेचाळीसही कुंड्या फेकून द्यायच्या. नाहीतर कुणीतरी पाणी घातलंय.

"रोपं मी स्वतः लावलीत," तन्मय म्हणाला. त्याचे ओठ कोरडे पडले होते. "प्रत्येकाची तपासणी केलीय."

"मग पाणी घातलंय," मी म्हणालो. "आणि कुणी घातलंय ते मला म्हाईत हाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी सरळ कोपऱ्याकडं बोट केलं.

"मावशीनं. चौथ्या दिवशी म्या माझ्या कानानं ऐकलंय. पानं पुसता पुसता म्हणत हुती, आई गं, तोंडं सुकली माझ्या लेकरांची. हिला बघवलं नसणार. दुसरं आत येतंय कोण?"

आज मला ते बोट आठवतं. चांगलं लांब, ताठ बोट. मला माझ्या खरेपणाचा केवढा अभिमान वाटत होता!

मॅडम तिच्याकडं वळल्या. "ठकूबाई, तुम्ही घातलं पाणी?"

ठकूमावशी तेव्हा पंचावन्नच्या पुढं होती. राहुरीकडची. एकवीस वर्षं त्या विद्यापीठात तिनं खुरपं चालवलं, दोन्ही गुडघे गेले, म्हणून मॅडमनी तिला काचघराच्या सावलीतलं काम मागून घेतलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग दाराशी तांब्या होता त्याच्याकडं बघितलं.

"व्हय. म्याच घातलं."

"किती?"

"उरलंसुरलं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिसापास्नं."

"फक्त सतरालाच?"

"फकस्त सतराला. दुसऱ्या कुन्नालाबी न्हाई. शप्पत घेते."

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही भुईमुगाच्या प्लॉटवर जा." मग माझ्याकडं वळल्या. "सतरा आता मोजणीत नाही. पण वजन घेत राहायचं. वहीत जागा मोकळी सोडायची नाही."

मावशीनं फडका पिळून दोरीवर टाकला, पदर खोचला आणि गेली. तांब्या विसरली. की ठेवून गेली, ते मला आजही सांगता येणार नाही.

दहाव्या दिवशी सतरा नंबर भरला पाच हजार पाचशे सत्तर. मी म्हणालो, कालचं पाणी असंल. अकराव्या दिवशी पाच हजार पाचशे पन्नास.

परत वीसच ग्रॅम!

मावशी तर दोन दिवस प्लॉटवर उन्हात बसलेली. आत मी आणि तन्मय दोघंच. माझं डोकं भणाणलं. म्हणजे हा शहरी दीडशहाणा घालतोय पाणी आणि आम्ही गरीब बाईला उन्हात घातलं! तन्मय तेव्हा प्रयोगशाळेत होता. त्याच्या गचांडीला हात घालायचा, एवढं पक्कं ठरवून मी जागेवरून उठलो. अकरा वाजले होते. जायच्या आधी घसा ओला करावा म्हणून तांब्यातनं पेला भरला. पुढं काय काय बोलायचं ते मनात जुळवत निम्मं पाणी प्यालो.

आणि बघितलं.

पेला माझ्या हातात होता. हात सतरा नंबरवर वाकडा झालेला. पाणी पेल्याच्या काठावर आलेलं, आता पडणार एवढ्यात मी ते बघितलं.

मी त्या हाताकडं बघत राहिलो. दुसऱ्याचा हात असावा तसा.

आमच्या वस्तीवर पाणी दीड कोसावरनं यायचं, डोक्यावर. तांब्यात, पेल्यात उरलेलं पाणी भुईवर टाकायचं नाही. प्यायचं, आणि उरलं ते दारातल्या शेवग्याच्या बुडाशी. पाहुणा असो, पोर असो. मी पाच-सहा वर्षांचा असताना एकदा अंगणात फेकलं, तर आईनं गरम पळी मनगटाला लावली होती. तेव्हापासून हात शिकला. पुढं खडी मशीनवरसुद्धा एक बाभळीचं रोप होतं, त्याला आम्ही माणदेशी गडीच ओतायचो, बाकीचे हसायचे. काचघरात दाराशी उभं राहून पाणी प्यालं की हाताजवळची पहिली कुंडी सतरा नंबरची. दहा दिवस, रोज अकरा वाजता, माझा हात ओतत होता आणि रोज सकाळी तोच हात त्याचं वजन वहीत लिहीत होता.

उरलंसुरलं, असं मावशी म्हणाली होती.

मी कुंड्यांमधल्या वाटेत खाली बसलो. खरं सांगतो, पहिला विचार चांगला आला नाही. हात आवरायचा, एवढंच करायचं. उद्यापासून सतरा नंबर पटापट उतरंल, सगळे म्हणतील म्हातारी गेली आणि पाणी थांबलं. कुणाला कळणार? वहीत दोन दिवसांच्या आकड्यांचा काय तो घोळ, त्यावर एक शून्य इकडचं तिकडं केलं की झालं. पेन कानावरच होतं. डोळ्यासमोर खडी मशीनची धूळ दिसत होती. जो माणूस दुसऱ्याकडं ताठ बोट करून आला, त्याला तेच बोट आपल्याकडं वळवताना किती जड जातं, ते मी तिथं बसून बघितलं.

मग उठलो आणि भुईमुगाच्या प्लॉटवर गेलो.

मावशी एक पाय लांब पसरून, दुसऱ्या पायावर जोर देऊन खुरपत होती. गुडघा वाकत नव्हता. मी समोर जाऊन उभा राहिलो. तिनं वर बघितलं नाही.

"ऊन अडवू नको. सावलीचं सुख आता न्हाई माझ्या नशिबी. झालं का तुमचं वजन?"

"मावशी, तू बघत हुतीस?"

"काय?"

"माझा हात."

तिनं हरळीची एक लांब मुळी ओढून काढली, माती झटकली.

"पहिल्या दिसापास्नं."

"मग बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं, मॅडमनंच सांगितलं असंल. तुमचं काय मोजमाप चालतं, ते मला कुठं कळतंय? म्हनलं, एका झाडाला जरा जरा पाणी देऊन बघत असतील. आन् तू बी कसा! रोज त्याच टायमाला, तेवढंच, त्याच कुंडीत. इतकं नेमानं मानूस चुकून करतं का रे?"

मला हसू यावं की रडू, कळेना.

"परवा मॅडम हसल्या, तवा उमगलं," ती म्हणाली. "आन् त्या तन्मयचं तोंड बघितलं, तवा पुरतं उमगलं."

"आणि म्या तुझ्याकडं बोट केलं."

"केलंस की. थोबाडीत द्यावीशी वाटली तुझ्या. अजून बी वाटती, पन गुडघा उठू देत न्हाई."

"मग 'म्याच घातलं' का म्हणालीस?"

तिनं खुरपं खाली ठेवलं.

"हे बघ बिरा. तीन महिन्यांत तू रखवालदाराशी भांडलास, ट्रॅक्टरवाल्याशी भांडलास, त्या कारकुनाला तर कागद फेकून मारलास. तुझ्या बाजूनं बोलंल असं एक मानूस न्हाई हितं. तुझं नाव निघालं असतं तर संध्याकाळपत्तूर गेटाच्या बाहेर. माझ्या बाजूला एकवीस वर्सं हायती. मला काय, सावलीतून उन्हात. एवढंच अंतर."

"तुझे पाय गेलेत गं."

"ते आधीच गेलेत, तू न्हाई नेले. आता गप जा आन् हात आवर. झालं ते झालं."

मी वळलो.

"कुठं चालला?"

"मॅडमकडं."

"येडा हायेस का?"

"व्हय."

मागून तिनं मातीचं ढेकूळ फेकून मारलं. लागलं नाही.

मॅडमना मी सगळं सांगितलं. उभ्यानंच. शेवग्यापासून भुईमुगापर्यंत. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर मी म्हणालो, "मावशीला आत घ्या. मी जातो."

"तांब्या आण," त्या म्हणाल्या.

"आं?"

"तांब्या आण. तोच पेला आण. आणि काटा."

मी आणलं. मॅडमनी काट्यावर एक रिकामी वाटी ठेवली. "रोज पितोस तसं पी. विचार न करता. आणि उरलेलं यात ओत."

मी प्यालो, ओतलं. अठ्ठ्याऐंशी ग्रॅम.

"परत."

ब्याण्णव. परत. नव्वद. सहाव्या खेपेला मी म्हणालो, "मॅडम, पोट फुटंल."

"फुटू दे. तीन वर्षं आहेत माझी त्यात. परत."

दहा वेळा ओतलं. पंच्याऐंशीच्या खाली नाही, पंच्याण्णवच्या वर नाही. मॅडमनी माझी वही पुढं ओढली, सतरा नंबरच्या एकेका वजनातून नव्वदाच्या हिशोबानं पाणी वजा करत गेल्या. अकरा दिवसांची बेरीज-वजाबाकी झाली आणि तो आकडा सोळा आणि अठरा नंबरांच्या पंगतीत जाऊन बसला. जवळजवळ बरोबर.

मग त्यांनी मला विचारलं, "हा वेगळा पडतोय, हे तुला नवव्या दिवशी दिसलं?"

"न्हाई. पाचव्यालाच दिसलं."

"मग शेजारच्या कुंडीसारखा आकडा का नाही लिहिलास? लोक लिहितात. विचारणारं कोणी नसतं."

"काट्यानं दाखवलं ते लिवलं. मी आत्ता कुठं लिवायला शिकलोय मॅडम, त्यात खोटं कधी शिकू?"

त्यांनी वही परत माझ्यापुढं सरकवली. मग म्हणाल्या, "या पानावर सगळं लिही. जसं झालं तसं. खाली सही कर. आणि सतराला पाणी घालणं चालू ठेव. रोज अकराला, नव्वद ग्रॅम, मोजून. आता चूक सुरू झालीच आहे तर अर्धवट सोडू नकोस."

"आणि मावशी?"

मॅडम उठल्या. चपलासुद्धा बदलल्या नाहीत, त्या काचघराच्या सपातांवरच प्लॉटवर गेल्या. तिथं काय बोलणं झालं, मला माहीत नाही. अर्ध्या तासानं दोघी आल्या. मावशीचं खुरपं मॅडमच्या हातात होतं.

चौदाव्या दिवशी समिती आली. तिघं जण. अध्यक्ष एक निवृत्त शास्त्रज्ञ, उंच, पांढऱ्या भुवयांचे, बोलण्यात गोडवा औषधालाही नाही. तन्मयची यादी हातात घेऊन ते आत आले, आणि त्यांची नजर सतरावर गेली.

"हे एक साधं असून कसं काय टिकलं?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी पुढं झालो आणि सांगितलं.

"म्हणजे प्रयोगात गलथानपणा झाला."

"झाला," मॅडम म्हणाल्या. "अकराव्या दिवसाच्या पानावर आहे. सहीसकट."

"मग या वहीवर आम्ही विश्वास का ठेवायचा?"

"म्हणूनच ठेवायचा सर. याच माणसानं, स्वतःलाच पकडून देणारा आकडा अकरा दिवस जसा होता तसा लिहिलाय. त्याच्या बाकीच्या सत्तेचाळीस कुंड्यांच्या आकड्यांखाली मी डोळे झाकून सही करते."

माझ्याबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं. चार माणसांत तर नाहीच. मी खाली बघायला लागलो, कारण वर बघवेना.

अध्यक्षांनी वही चाळली. यादीवरून नंबर पडताळले. हुलग्याच्या झाडांमधून फिरले, साध्यांमधून फिरले. "फरक दिसतोय," ते म्हणाले. "पण बाई, तुमचे ते टक्के राहू द्या. बांधावरचा माणूस विचारील, हा तुमचा जीन म्हणजे नक्की किती? त्याला काय सांगाल?"

मॅडम सांगायला लागल्या. पानांची तोंडं, बाष्प, टक्के. अध्यक्षांच्या भुवया वर गेल्या आणि वरच राहिल्या. माझं लक्ष मात्र बत्तीस नंबरवर होतं. तो हुलग्याचा, चौदा दिवसांत थेंब न मिळालेला. त्याची पानं, आणि सतराची पानं. मी दोन्ही कुंड्या उचलल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या.

"अर्धा पेला," मी म्हणालो.

"काय?"

"हा बत्तीस. ह्याच्यात हुलगा हाय, पाणी न्हाई. हा सतरा. ह्याच्यात हुलगा न्हाई, पण माझं रोजचं अर्धा पेला पाणी हाय. बघा दोगांकडं. सारखीच लोंबल्यात. म्हंजी तुमचा जीन म्हंजी एका झाडामागं रोजचा अर्धा पेला. असं सांगा बांधावरच्या माणसाला. त्याला कळंल. आमच्याकडं अर्धा पेला म्हंजी काय, ते कुणालाबी कळंल."

तन्मयनं माझी बाही ओढली. कोपऱ्यात मावशीचा फडका थांबला होता.

अध्यक्ष वाकले. दोन्ही झाडांची पानं त्यांनी बोटांत धरून बघितली. "एका कुंडीवरून असं म्हणता येत नाही," ते म्हणाले.

"नाही म्हणता येत," मॅडम म्हणाल्या. "मी तरी म्हणणार नाही. मोजून पाणी दिलेल्या चोवीस साध्या कुंड्या लागतील त्याला. त्यासाठी मला अजून एक वर्ष हवंय."

पहिल्यांदा त्या भुवया खाली आल्या. म्हातारा हसत होता.

त्यांच्यासमोर आम्ही सगळ्या कुंड्यांना पाणी सोडलं. ते जेवायला गेले. मी आणि मावशी गेलो नाही. चार वाजता ते परत आले, तोवर हुलग्याच्या चोवीसपैकी एकोणीस झाडांनी मान वर काढली होती. साध्यांपैकी चार. आणि सतरा.

वर्ष मिळालं. मग आणखी दोन. मी त्या काचघरातच राहिलो.

ते टोमॅटो तुम्हाला बाजारात दिसायचे नाहीत. परवानगीचे कागद कुठल्या तरी टेबलावर आहेत आणि त्या टेबलाला पाणी घालणारं कुणी नाही. त्यावर मी दुसरीकडं पुष्कळ ओरडून लिहिलंय, इथं ओरडणार नाही.

समिती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी घरून एक गळकी बादली घेऊन आली. त्यात कढीपत्त्याचं वीतभर रोप. बादली तिनं काचघराच्या बाहेरच्या दाराशी ठेवली, तांब्या आणि पेला उचलून तिच्याशेजारी ठेवला आणि मला हाताला धरून तिथं नेलं.

"हितं प्यायचं. हितं वतायचं."

मी तिला एकदा म्हणायला गेलो होतो, मावशी, तुझे लई उपकार झाले. ती गुडघ्याला तेल चोळत बसली होती. म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. तांब्या रिकामा झालाय, भरून आन." मी भरून आणला. परत कधी म्हणालो नाही.

मावशीला जाऊन सहा वर्षं झाली. बादली केव्हाच फुटली, मुळं जमिनीत गेली. कढीपत्ता आता काचघराच्या छपराला लागलाय आणि अर्ध्या विद्यापीठाच्या आमटीत त्याचीच पानं असतात. कामाला नवा माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याला वजनकाट्याच्या आधी हे झाड दाखवतो. अकरा वाजता आम्ही तिथं उभे राहतो. तांब्या तोच आहे. मी निम्मा पेला पितो, आणि मग हाताला त्याच्या मनासारखं करू देतो.